मागेरोची अर्धी गोष्ट

सरोवरकाठच्या न्यांगुला गावात मडकी करणाऱ्या सात बायका होत्या, तेव्हाही दोर्सिला अबुटोचं मडकं लोक लांबून ओळखायचे. काठाखाली अंगठ्याच्या नखानं ओढलेल्या तीन तिरप्या रेघा, आणि वाजवलं की घंटेसारखा नाद. पुढे प्लास्टिकचे कॅन आले. बाकीच्या सहा जणी ओमेना विकायला लागल्या. ती बोटाएवढी चंदेरी मासळी वाळूवर वाळवायची आणि बाजारात डब्यानं मापून द्यायची. दोर्सिला आजी मात्र मडकीच करत राहिली. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "मासे विकायला ओरडावं लागतं. मडकं गप्प बसून विकता येतं."

हे गप्प बसणं तिचं आपलं म्हणण्यापुरतं. हात मातीत असताना तिचं तोंड थांबलेलं मी कधी पाहिलं नाही.

ती इथली नव्हे. सतराव्या वर्षी साकवा नावाच्या मुलखातून लग्न होऊन आली, म्हणून म्हातारी माणसं तिला अजूनही 'साकवाची लेक' म्हणतात. तिला जे काही माहीत होतं ते सासूनं सांगितलेलं, आणि सासूला तिच्या सासूनं. सरोवरावरून कोण आधी आलं, कुठल्या खडकावर कुणाची होडी फुटली, झोपेच्या रोगात कुठली घरं उठली, पहिला पाद्री आला तेव्हा कुणी त्याच्यावर कुत्रा सोडला आणि मग त्याच माणसानं सगळ्यांत आधी बाप्तिस्मा कसा घेतला. हे सगळं किनाऱ्यावरच्या चिकणमातीच्या खड्ड्यात, गुडघाभर गाळात उभं राहून सासूनं सुनेला दिलं होतं.

माझं नाव बेल्दिना. बाजारात माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि घर दोर्सिला आजीच्या कुंपणाला लागून. म्हणजे हे सगळं मी दोन्हीकडून पाहिलं. माझा हातही त्यात होता, ते पुढे येईलच.

झॅब्लन ओग्वेनो हा पलीकडच्या काकिसेरो भावकीतला. न्यांगुलात दोनच मोठी घराणी. किसेरोचे वंशज ते काकिसेरो, मागेरोचे वंशज ते कामागेरो. दोर्सिला आजी कामागेरोंची सून. झॅब्लन तीन महिन्यांचा असताना त्याची आई गेली. तेव्हा दोर्सिलाचा ओलांग नुकताच जन्मला होता. झॅब्लनच्या आजीनं पोर टोपलीत घालून आणलं आणि काही न बोलता तिच्या दारात ठेवलं. दोर्सिलानं ओलांगला डावीकडे घेतलं आणि याला उजवीकडे. दोन वर्षं तसंच चाललं. मोठेपणीही झॅब्लन तिला आईच म्हणायचा, आणि ओलांग त्याला 'माझ्या वाट्याचं पिऊन मास्तर झालेला' म्हणून चिडवायचा.

तो खरंच मास्तर झाला. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं. मलाही चौथीत तेच होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की आपल्या या सरोवरकाठच्या मुलखाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. म्हातारी माणसं एकेक करून चाललीत. तर आपण लिहावा. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली.

पहिल्या दिवशी ते आजीच्या अंगणात फोन घेऊन बसले, तेव्हा मी तिथे मका सोलत होते.

"आई, हा फोन तुझा आवाज धरून ठेवतो. तू नेहमीसारखी बोल."

"धरून ठेवतो आणि मग सोडतो कधी?"

"सोडत नाही. तेच तर चांगलं आहे."

"मग नवऱ्याच्या बहिणींबद्दल काही बोलत नाही बाई," आजी म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो.

दोन वर्षं ते येत होते. सोबत कधी साखर आणायचे, कधी पाव. आजी मडकं वळता वळता बोलायची, मास्तर वहीत टिपणं काढायचे, फोन उपड्या घातलेल्या टोपलीवर ठेवलेला असायचा. एखादं नाव चुकलं तर आजी पुढच्या खेपेला मुद्दाम दुरुस्त करायची. तिला फार हौस होती. आयुष्यभर ऐकवलेल्या गोष्टी पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेला माणूस कागदावर घेत होता, आणि तो माणूस तिच्याच दुधावर वाढलेला. एकदा मला म्हणाली, "बेल्दिना, माझ्या पोरांनी कधी इतकं ऐकून घेतलं नाही गं."

मागेरोची गोष्ट त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतली. ती गोष्ट अशी.

मागेरो सरोवराच्या पलीकडून दोन होड्या आणि एक बायको घेऊन आला. किनारा किसेरोचा होता. मागेरोनं आसरा मागितला, किसेरोनं दिला. पाहुणा म्हणून राहा, पेर, खा. जमीन मात्र आमची. त्या काळी अशी पुष्कळ पाहुणी घराणी असत. मग झोपेचा रोग आला. बसल्या जागी माणसं पेंगायची आणि महिन्या-दोन महिन्यांत मरायची. जे जगले ते किनारा सोडून डोंगराकडे पळाले. किसेरोही पळाला. मागेरो राहिला. किसेरोच्या घरातली जी माणसं मागे मरून पडली होती, ज्यांना त्यांची सख्खी माणसंही हात लावेनात, ती त्यानं एकट्यानं पुरली, ज्याच्या त्याच्या झोपडीशेजारी, रीतीप्रमाणे. काही वर्षांनी किसेरो परत आला. थडगी पाहिली. एकेका थडग्यापाशी मागेरोनं त्याला नाव सांगितलं. मग किसेरोनं दोन्हीकडची माणसं बोलावली, मेंढा कापला, एकाच मडक्यातून सगळे लांब नळ्यांनी ज्वारीची दारू प्यायले, आणि किसेरो म्हणाला, या उंबरापासून पाण्यापर्यंतची जमीन मागेरोची. आजपासून तो पाहुणा नाही, आणि त्याच्या पोरांना जो कुणी पाहुणा म्हणेल तो माझा नाही.

ही सगळी गोष्ट माझ्याकडे टायपिंगला आली. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. मी टाईप केली, छापून दिली, त्यांनी तपासली. मग साधारण तीन आठवड्यांनी ते पानं घेऊन दुकानात आले आणि सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"बेल्दिना, इथून खालचं काढून टाक."

मी वाचलं. किसेरो परत येतो तिथपासूनचं सगळं, आणि वरची थडगी खणल्याच्या चार ओळीसुद्धा.

"मास्तर, पण हा तर गोष्टीचा शेवट आहे."

"छापखान्यानं पानांचा आकडा बांधून दिलाय. बसत नाहीये. दुसऱ्या भागात सविस्तर घेऊ."

"त्याऐवजी दुसरं काही कापलं तर? पाद्र्यावर सोडलेल्या कुत्र्याचंच दीड पान आहे."

"ते लोकांना आवडतं," मास्तर म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. चष्मा पुसत होते. "तू काढ."

चौथीतल्या मास्तरांशी वाद घालायला माणूस पन्नाशीतही धजत नाही. मी तो मजकूर काळा केला आणि एक बटण दाबलं. गोष्ट आता 'मागेरो हा किसेरोच्या कृपेनं पाहुणा म्हणून राहिला' इथे संपली. जुनी कच्ची पानंही मास्तरांनी मागून घेतली. मला तेव्हा तो त्यांचा टापटिपीचा स्वभाव वाटला.

मला काहीच कळलं नाही असं म्हटलं तर मात्र ते खोटं होईल. त्याच महिन्यात पांढऱ्या गाडीतून तीन माणसं येऊन उंबरापासून पाण्यापर्यंत पावलं टाकून गेली होती. डांबरी सडक आमच्यापर्यंत आली होती, आणि किनाऱ्यावर मोठं हॉटेल व्हायचंय असं बाजारात सगळेच बोलत होते. त्या माणसांचा चहा मास्तरांच्या थोरल्या मुलाच्या घरी झाला होता. मी दोन आणि दोन मनात शेजारी ठेवले आणि त्यांची बेरीज केली नाही.

पुस्तकाचं प्रकाशन शाळेच्या मैदानावर झालं. आजीला पहिल्या रांगेत बसवलं. मास्तर भाषणात म्हणाले, "हे पुस्तक माझं नाही, माझ्या आईचं आहे," आणि तिच्या खांद्यावर नवं रंगीत कापड घातलं. लोक उठून उभे राहिले. आजीला वाचता येत नाही. तिनं पुस्तक उलटं धरलेलं कुणीतरी हळूच सुलटं केलं. घरी जाताना ती मला म्हणाली, "सासू असती तर म्हणाली असती, बडबडी सून केली ते बरं झालं."

पुढे ओलांग मोंबासाहून सुटीवर आला. बंदरात क्रेन चालवतो तो. वर्षातून एकदा येतो. आजीनं पेटीतून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आपलं वाच." मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. ओलांग वाचत होता, आजी माती मळत होती. मागेरोच्या होड्या आल्या, किसेरोनं आसरा दिला, रोग आला, लोक पळाले. मग ओलांग पाद्र्यावर सोडलेल्या कुत्र्याच्या गोष्टीवर गेला.

"पान गळलं तुझ्याकडून," आजी म्हणाली.

"नाही गळलं."

"मग पुढचं वाच. मागेरोनं थडगी खणली ते."

"पुढे नाहीये आई."

"असेल. मागच्या बाजूला बघ."

ओलांगनं मागची बाजू पाहिली, पुढची पाहिली, सगळं पुस्तक चाळलं. मग ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी हळू. मागेरो हा किसेरोच्या कृपेनं पाहुणा म्हणून राहिला. आजीचे हात मातीतच थांबले.

"बेल्दिना," तिनं कुंपणापलीकडून हाक मारली. मी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं. "तू छापलंस ना हे?"

मी ओला टॉवेल हातात घेऊनच आत गेले. खोटं सांगता आलं असतं. छापखान्यावर घालता आलं असतं.

"होतं आजी. सगळं होतं. मास्तरांनी काढायला सांगितलं. मी काढलं."

"तू वाचून काढलंस, की न वाचता?"

"वाचून."

तिनं मान हलवली. रागावली नाही, तेच जड गेलं. ओलांग उभा राहिला आणि म्हणाला की आत्ताच्या आत्ता जाऊन त्याची मानगूट धरतो. आजीनं त्याला खाली बसवलं.

"जागा पुरली नसेल," ती म्हणाली. "त्याला मी ओळखते. मी विचारते त्याला."

तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, दुसरा भाग येतोय आई, त्यात पहिलं पान तुझ्याच गोष्टीचं. तिनं विश्वास ठेवला. मी ठेवला नाही, आणि तरी गप्प राहिले, ही माझी दुसरी खेप.

चार महिन्यांनी जमिनीची चौकशी लागली. काकिसेरोंनी अर्ज केला होता की उंबरापासून पाण्यापर्यंतचा पट्टा मुळात त्यांचा. कामागेरो तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाहुणे म्हणून आहेत. त्यांची घरं राहू द्यावीत, पण किनारा आमच्या नावावर करावा. चीफच्या, म्हणजे सरकारी गावप्रमुखाच्या, कचेरीमागच्या शेडमध्ये समिती बसली. पाच माणसं, एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. दोन्ही घराण्यांची माणसं समोरासमोर बाकांवर. टेबलावर मास्तरांचं पुस्तक होतं, सत्तेचाळिसाव्या पानात कागदाची चिठ्ठी खोचलेली.

अर्ज मास्तरांच्या मुलाचा होता, पण वाचायला मास्तरच उभे राहिले. वर्गात धडा वाचावा तसे स्वच्छ आवाजात त्यांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "हे माझे शब्द नाहीत. कामागेरोंच्या सर्वांत वयस्क सुनेनं, दोर्सिला अबुटोनं, स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. पुस्तकात तिचं नाव आहे. प्रकाशनाला ती हजर होती. तेव्हा तिनं हरकत घेतली नाही."

अध्यक्षांनी आजीला विचारलं, "बाई, हे तुम्ही सांगितलंत?"

आजी काठी टेकत उठली. "सांगितलं. पण त्याच्या पुढेही सांगितलं." आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. उभ्यानं, न थांबता, अंगणात सांगायची तशीच. किसेरोचं बोलणं आलं तेव्हा काकिसेरोंच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी नजर खाली घातली. त्यांनाही ठाऊक होतं.

मग त्यांच्यातलाच एक तरुण वकील-कारकून होता, तो उठून म्हणाला, "साहेब, ही साकवाची लेक. बाहेरून आलेली बाई. आमच्या पणजोबांनी कुणाला काय दिलं हे ही आम्हाला सांगणार?"

बाकांवर थोडं हसू झालं. आजी त्याच्याकडे वळली. "बाळा, आत्ता तुझ्या काकानं माझंच बोलणं वाचून दाखवलं. तेव्हा मी साकवाची नव्हते का? साकवाच्या लेकीचं अर्धं बोलणं पुरावा आणि अर्धं बडबड. कुठलं अर्धं ते तुम्ही ठरवायचं, होय?"

आता कामागेरोंच्या बाजूला हसू झालं, पण अध्यक्षांनी टेबल वाजवलं. ते म्हणाले, पुढच्या भागाला लेखी आधार आहे का?

"लेखी कशाला," आजी म्हणाली. "त्याच्या फोनमध्ये माझा आवाज आहे. तीन वेळा सांगितलंय. झॅब्लन, लाव."

मी मास्तरांकडे बघत होते. त्यांनी खिशात हात घातला नाही.

"तो फोन पाण्यात पडला," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग गेलं."

"कधी पडला?"

"झाले काही महिने."

"मला सांगितलं नाहीस."

आजी त्यांच्याकडे बघत उभीच राहिली. अध्यक्षांनी दोनदा बसायला सांगितलं तेव्हा बसली. तिला तोवर वाटत होतं की हे सगळं मुलाचं काम आहे, मास्तर अडकलेत, सगळ्यांसमोर विचारलं की खरं बोलतील. मी तिच्या मागेच होते. काठीवरची तिची बोटं सैल पडताना मी पाहिली.

मग मी उठले. माझं नाव कुठल्या यादीत नव्हतं. मी सांगितलं की पुस्तक मी टाईप केलंय, पुढचा मजकूर होता, मास्तरांच्या सांगण्यावरून मी पुसला. अध्यक्षांनी विचारलं, फाईल आहे? नाही. छापलेली पानं? ती मास्तरांनी नेली. तुम्ही या बाईंच्या कोण? शेजारी. मग शेजारधर्म कळतो, ते म्हणाले, पण समितीला कागद लागतो. मी खाली बसले. सहा महिने आधी हेच बोलले असते तर कागद होता.

निकाल व्हायचा तसा झाला. घरं आणि परसबागा कामागेरोंकडे, 'चालत आलेल्या सौजन्यानं'. उंबरापासून पाण्यापर्यंतचं सगळं काकिसेरोंकडे. दोन महिन्यांत तारेचं कुंपण आलं. होड्या ओढायची जागा आत गेली, ओमेना वाळवायची वाळू आत गेली, मातीचा खड्डाही आत गेला. कामागेरोंची गुरं पाण्यावर जायची तर आता शाळेला वळसा घालून, मैलभर लांबून.

कुंपण घातलं त्या आठवड्यात ओलांगनं पुन्हा रजा काढली. अंगणात भाऊबंद जमले. आईनं पाजलेल्या लेकराला शाप द्यायचा तर फार काही करावं लागत नाही. त्याच्या दारात उभं राहायचं, छाती उघडी करायची आणि बोलायचं. आमच्याकडे त्याला अजून सगळे घाबरतात, चर्चला जाणारेही.

"जा आई," ओलांग म्हणाला. "तुला हक्क आहे."

"हक्क आहे."

"मग?"

"मग काय? त्याला चार नातवंडं आहेत. शाप म्हातारा बघत नाही आणि पोर बघत नाही."

ओलांगचा तोल गेला. "तुझ्या तोंडानंच आपल्याला विकलं," तो म्हणाला. "दोन वर्षं साखरेच्या पुड्यांवर बोलत बसलीस. घरातलं सगळं उचलून त्याच्या वहीत घातलंस."

कुणी त्याला गप्प केलं नाही. भाऊबंदांमध्ये सगळ्यांच्याच मनात ते होतं. आजी उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. ओलांग दुसऱ्या दिवशी मोंबासाला गेला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्याचा फोन माझ्या फोनवर यायचा, आई कशी आहे म्हणून. तिच्याशी बोलायला मागायचा नाही.

ओलांग गेला त्याच सकाळी आजी एकटीच मास्तरांच्या घरी गेली. काय झालं ते मला मास्तरांच्या बायकोनं, रोझबेलानं सांगितलं. ती बाजारात यायची तेव्हा माझ्या दुकानात बसायची, आणि या प्रकारानंतर तिला घरात करमत नव्हतं. आजी दारात उभी राहिली तसा मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना वाटलं, शापच. आजीनं कापड अंगाभोवती आणखी घट्ट लपेटून घेतलं आणि विचारलं, "फोन खरंच पाण्यात पडला का, एवढंच सांग."

मास्तरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "नाही."

"मग?"

"मुलानं पुसलं. मी पुसू दिलं. आई, मुलं म्हणाली आयुष्यभर खडू खाल्लास, आमच्यासाठी काय केलंस? हॉटेलवाले एकदाच येतात."

"पहिल्या दिवशी आलास तेव्हाच मनात होतं का?"

"नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ते नंतर आलं."

"तिसऱ्यांदा गोष्ट विचारलीस तेव्हा?"

मास्तर गप्प झाले. रोझबेला म्हणाली, ते गप्प बसणं मला त्या निकालापेक्षा वाईट वाटलं. आजी म्हणाली, "गोष्ट मी तुला दिली नव्हती झॅब्लन, सांगितली होती. सांगितलेली गोष्ट माणूस परत सांगतो. तू ठेवून घेतलीस." आणि ती वळली.

हॉटेल झालं नाही. पांढरी गाडी आणखी दोनदा आली, मग यायची थांबली. कुणी म्हणतं त्यांना पलीकडच्या बेटावर बरी जागा मिळाली. कुंपण आहे. आत गवत माजलंय, आणि काकिसेरोंच्या शेळ्या सोडल्या तर तिथे कुणी जात नाही. ओलांगनं वरच्या कोर्टात अपील घातलंय, तारखा पडतात.

आजी आता डोंगराकडच्या ओढ्यातली माती आणवते. त्यात वाळू फार. भाजताना पाचातलं एखादंच मडकं धड निघतं. ती माती मळते, वळते, पण बोलत नाही. शाळेतली मुलं प्रकल्पासाठी जुन्या गोष्टी विचारायला आली तर म्हणते, "पुस्तक आहे ना तुमच्याकडे? त्यात बघा." सुना विचारतात तेव्हा स्वयंपाकाचं काहीतरी बोलते.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे कागद घेऊन गेले. अपीलासाठी वकिलाला ते पान हवं होतं, मी लिहून द्यावं असं तो म्हणाला. मी म्हटलं, "आजी, एकदा सांगा. शब्दन् शब्द घेते."

"मी नाही सांगायची. तू वाचून पुसलंस ना? मग तुला आठवत असणार. तूच लिही."

मी घरी जाऊन आठवून आठवून लिहिलं. तीन दिवस लागले. मग तिच्या अंगणात बसून वाचून दाखवलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत होती. मी वाचलं की मागेरोनं अकरा थडगी खणली.

"तेरा," ती म्हणाली. "दोन तान्ही होती. ती कुणी धरत नाही."

मी अकरा खोडून तेरा केलं. ती आणखी काही बोलेल म्हणून थांबले. ती बोलली नाही. माझ्याशी ती आजही तोडून वागत नाही. चहा देते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. पण पूर्वी मी कुंपणापाशी आले की ती आपण होऊन काहीतरी सुरू करायची, ते गेलं. मी मागायलाही जात नाही. ते पान मी शाळेतल्या पुस्तकात सत्तेचाळीसच्या पुढे चिकटवलं. हेडमास्तरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मुलखातल्या बाकीच्या शाळांमधल्या पुस्तकांत ते नाही.

यंदा मास्तर आजारी पडले. रोझबेलानं निरोप आणला की त्यांना यायचंय. आजी म्हणाली, "यावं. वही आणू नये." ते आले, दोन्ही हातांनी काठी धरून. आजीनं हात धुवायला पाणी घातलं, मक्याच्या पिठाची घट्ट उगाळी आणि तळलेला मासा वाढला, त्यांना काट्यांचा त्रास म्हणून लहानपणी द्यायची तसा पोटाकडचा तुकडा. मास्तर जेवता जेवता रडायला लागले. म्हणाले, "आई, काहीतरी बोल. शिव्या दे."

"खा," आजी म्हणाली. "गार होतंय."

त्यांनी ताट संपवलं. आजीनं पुन्हा हातावर पाणी घातलं. मी तिथेच होते. तिनं मला थांबवून घेतलं होतं, का ते मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक तिला त्यांच्याबरोबर एकटीनं बसायचं नव्हतं. मास्तर उठले, दारापर्यंत गेले, आणि वळून म्हणाले की कोर्टात मी खरं सांगेन, पुढच्या तारखेला. आजी ताट घासायला खाली बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

पुढची तारीख येऊन गेली. मास्तर आले नाहीत. तब्येतीचं कारण मुलानं लिहून पाठवलं. मी निरोप द्यायला गेले तेव्हा आजी मडक्याच्या काठाला ओला हात फिरवत होती.

"आला नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मला पाण्याचा तांब्या जवळ सरकवायला सांगितला.